सहाणेचा खळगा

१

आंघोळ झाली, गुटी पाजून झाली, झोळीत टाकलं, आणि माझ्या थोरल्या बहिणीचा नातू दुपार कलली तरी उठेना. तीन महिन्यांचं पोर. एरवी भूक लागली की अख्ख्या महाळुंगे पडवळ गावाला कळवणारं. त्या दिवशी दुधासाठी उठवलं तर जेमतेम तोंड उघडायचं आणि पुन्हा मान टाकायचं. शेवटी त्याच्या बापाने, म्हणजे आमच्या ऋषीने, गाडी काढली आणि त्याला मंचरला श्रेया डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी पठ्ठ्याने दवाखाना डोक्यावर घेतला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण डॉक्टरीणबाईंनी बाळाचं ओकारीने भिजलेलं लाळेरं नाकाशी नेलं होतं. बाळाच्या आईला आणि दोन्ही आज्यांना आत बोलावून त्या म्हणाल्या, "जायफळ आहे. आणि थोडंथोडकं नाही. कोणी दिलं?"

दोन्ही आज्या एकदम म्हणाल्या, "मी नाही."

हे सगळं मला बहिणीच्या सुनेने, हर्षाने, फोनवर सांगितलं. मी लोणीला घरी होते. ती रडत होती, पण आवाज दाबून.

"मावशी, मम्मी म्हणतेय आज दिवस मावळायच्या आत बाळाला घेऊन मंचरला चल. आणि पुन्हा या घरी पाठवणार नाही म्हणते. आणि आई... बाळाला हातसुद्धा लावत नाहीत. तुम्ही काकांना घेऊन याल?"

मम्मी म्हणजे तिची आई, आई म्हणजे सासू, माझी बहीण. काका म्हणजे आमचे हे, चिमाजीराव. विमा कंपनीत होते. मेलेल्या गाईम्हशींचे दावे तपासण्यात यांचा जन्म गेला. कोणाची म्हैस खरंच साप चावून मेली आणि कोणाची नुसता कानातला विम्याचा बिल्ला बदलून मेली, हे ते गोठ्यात शिरल्या शिरल्या ओळखायचे. घरात मात्र समोरचा चष्मा सापडत नाही. मी फोन ठेवला तेव्हा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्माच शोधत होते.

२

आता ही दोन घरं एकत्र कशी आली ते सांगितलं पाहिजे. माझी बहीण साळुबाई, आमची अक्का, आणि दाजी हौशीराम, पोरांचे आबा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. हर्षाचे वडील माणिकचंद मंचरच्या पेठेत किराणा आणि काष्ठौषधी विकतात, मूळचे राजस्थानातले जैन. पोरांनी परस्पर लग्न केलं आणि मंचरहून दोन वर्षं कोणी फिरकलं नाही. बाळ झालं आणि हर्षाची आई, कंचनबाई, पहिल्यांदा या घराची पायरी चढली. काही दिवस राहायलाच आली.

मग जी चुरस लागली ती बघण्यासारखी होती. बाळाचं पोट फुगलं की अक्का बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायची, कंचनबाई ओव्याची पुरचुंडी गरम करून शेकायच्या. हर्षाला अक्काचे अळिवाचे लाडू आणि कंचनबाईंचे डिंक-सुंठीचे लाडू, दोन्ही संपवावे लागायचे. पोरीने नाकारले एकाचेही नाहीत, आणि तिची कंबर त्याची साक्ष देत होती. गुटीचं त्यांनी वाटून घेतलं होतं. सकाळची अक्काची, हिरडा, बेहडा, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग. संध्याकाळची कंचनबाईंची, त्यांच्या माहेराहून आलेल्या वस्तूंची. हिरडा दोघींच्या पुरचुंडीत होता. एक हिरडा म्हणायची, दुसरी हरडे, आणि माझाच चांगला असं दोघींचं म्हणणं.

भांडण म्हणू नका. मला तर त्यात माया वाढलेली दिसत होती. आणि त्यातच हे घडलं.

आम्ही पोचलो तेव्हा दाजी ओसरीवर तोंड पाडून बसले होते. आत गेल्यावर मी आधी माठातलं पाणी प्यायले. अक्का उन्हाळाभर माठात वाळा टाकते, घोटाबरोबर जीव थंड होतो. ती चुलीपाशीच बसली होती. मी पुढे झाले आणि मला करपट वास आला.

"अगं अक्का, आमटी लागली!"

ती दचकली. पातेलं तिच्यापासून हातभर अंतरावर, धूर निघालेला, आणि हिचं लक्ष नाही. मी म्हटलं, काळजीने माणसाचं भान जातं. यांनी पातेल्यात डोकावून बघितलं, मग अक्काकडे बघितलं.

"माझ्याच हातनं झालं आसंल," अक्का म्हणाली. "जायफळ मी घातलं न्हाई. पोट बिघडल्याबिगर मी घालतच न्हाई. पर आता वाटतं, घातलं आसंल. म्हातारी झाले मी. गावातल्या निम्म्या लेकरांना या हातानं गुटी दिली, आन् माझ्याच नातवाला..." तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "जाऊ द्या त्याला मंचरला. माझ्यापास्नं लांब ऱ्हायलेलं बरं."

बाळ शेजारच्या खोलीत हुंकार देत होतं आणि ती तिकडे बघत नव्हती. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

३

यांनी प्रत्येकाशी वेगळं बोलायचं ठरवलं. मी अर्थातच बरोबर होते. पस्तीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा ऐकलेली बाई बाहेर बसणार नाही.

ऋषी वैतागलेला होता. "काका, मी घरातच नव्हतो. रोज आबा डेअरीला दूध घालतात, काल ते उठलेच नाहीत. मग मीच गेलो. तिथून शेतात. कांदा काढायला बाया आल्या होत्या. फोन आला तसा पळत आलो."

हर्षा म्हणाली, "आईंनी गुटी उगाळली तेव्हा मी समोर होते. प्रत्येक वस्तू मी हातात दिली. जायफळ दिलंच नाही. पण माझ्या मम्मीवर तरी कसा संशय घेऊ? तिला नातू म्हणजे देव झालाय. दिवसभर त्याच्याशीच बोलत असते. आबा दिसले की पदर खाली ओढते आणि गप्प होते. आमच्याकडे व्याह्यांशी बोलत नाहीत. बाळाशी मात्र तिच्या गप्पा संपत नाहीत."

कंचनबाई सामान बांधत होत्या. मागच्या खोलीत त्यांचा संसार वेगळा मांडलेला. छोटी शेगडी, आपलं पीठ, आपलं तूप, आणि पाण्याचा कॅन, जो त्यांचा मुलगा पीयूष रोज मंचरहून आणून ठेवायचा. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही आणि पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. पुष्कळ घरांत नातवंड झालं की तो सुटतो. यांचा सुटला नव्हता.

"मी विहीणबाईंना वाईट म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं वय झालंय. बाळ शांत झोपावं म्हणून हात सैल सुटला असेल. हे कबूल केलं असतं तर मी राहिले असते. नाही म्हणतात, म्हणून भीती वाटते."

"तुम्ही दिलं नाही?" यांनी विचारलं.

"पार्श्वनाथाची शपथ. बाळाला नाही."

बाहेर येताना हे पुटपुटले, "मास्तरीण, ऐकलंस का? 'बाळाला नाही' म्हणाल्या."

४

मग दोन्ही पुरचुंड्या आल्या. यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वस्तू मांडली. मला म्हणाले, "चष्मा."

"कपाळावर आहे."

अक्काच्या पुरचुंडीतलं जायफळ एका अंगाने घासून सपाट झालेलं होतं. त्या सपाट भागावर हळकुंडाची पिवळी पूड बसली होती.

"काल उगाळलं असतं तर पूड धुऊन गेली असती," हे म्हणाले. "याला कितीतरी दिवस पाणी लागलेलं नाही."

कंचनबाईंचं जायफळ तर अख्खं होतं, गोटीसारखं. ते कधी दगडाला लागलंच नव्हतं.

म्हणजे दोघी खरं बोलत होत्या. मला इतकं हलकं वाटलं की मी आत जाऊन सांगायलाच निघाले. यांनी हात धरला.

"थांब. दोघी खऱ्या, आणि डॉक्टरही खऱ्या. मग तिसरं जायफळ आहे कुठेतरी. सहाण आण."

सहाणा दोन होत्या. कंचनबाईंची लाल दगडाची, बरोबर आणलेली. अक्काची काळी, आमच्या आजीच्या आईपासूनची, उगाळून उगाळून मध्ये खोल खळगा पडलेली. यांनी दोन्हींवर चमचाभर पाणी टाकलं. लाल दगडावर पाणी पसरलं आणि जिरलं. काळ्या दगडाच्या कडेवरही तसंच पसरलं. खळग्यात मात्र त्याचे मणी झाले आणि अळूच्या पानावर पळावे तसे इकडून तिकडे पळू लागले.

मी बघतच राहिले. "तेलकट आहे?"

यांनी खळग्यात नख फिरवलं आणि माझ्या नाकाशी धरलं. जायफळाचा वास इतका स्वच्छ की ताबडतोब श्रीखंड आठवलं. आणि त्याखाली दुसरा वास, खमंग, ओळखीचा.

"तूप," मी म्हटलं.

"गुटी पाण्यात उगाळतात, नाहीतर आईच्या दुधात. तुपात कोणी उगाळत नाही."

"धुतली नाही का तिने?"

"धुतली असणार. पण सहाणेला साबण लावतं का कोणी?"

कोणीच लावत नाही. दगड साबण पितो आणि मग तो बाळाच्या पोटात जातो, हे आम्हाला आयांनी शिकवलंय. पाण्याने धुवायची, पुसायची, पालथी घालायची. पाण्याने तूप थोडंच निघतं. ते खळग्यात बसून राहिलं, आणि सकाळी अक्काने त्याच्यावर हिरडा फिरवला.

मी आत जाऊन अक्काला विचारलं, घरात तूप आहे का?

"कुठलं तूप? समदं दूध डेअरीला जातं."

तूप या घरात एकाच ठिकाणी होतं, मागच्या खोलीत.

५

आम्ही विचारलं तेव्हा कंचनबाईंच्या हातातली पिशवी खाली आली. रंग उडाला. हर्षाने तूप बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाली, "मम्मी, तू?"

"मी काही सांगणार नाही," कंचनबाई म्हणाल्या. "मला सांगता येणार नाही. मी दुसऱ्याची लाज उघडी करणार नाही. तुम्हाला मीच दिसत असेन तर मीच."

हर्षा बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली. या पोरीने दोन्ही घरं सांधायला किती सोसलं ते मला माहीत आहे. एका आजीवरून संशय उठला तर तो दुसरीवर बसला होता. उन्हं ओसरीच्या कडेला आली होती, आणि पीयूष गाडी घेऊन दारात उभा होता.

हे मात्र कंचनबाईंकडे बघून चक्क हसले.

"वहिनी, काही सांगू नका," म्हणाले. "नुसत्या दारामागे उभ्या राहा. मी साडूभाऊंशी झोपेविषयी दोन शब्द बोलतो."

६

आमचे दाजी झोपेचे वैरी म्हणून गावात प्रसिद्ध आहेत. पाहुणा मुक्कामाला आला की पहाटेपर्यंत त्यांचं खोकणं, बिडी शोधणं आणि रेडिओ ऐकतो. अक्काने त्यांच्यासाठी काय काय केलं नाही! खसखस झाली, तळव्यांना काशाची वाटी झाली, अश्वगंधा झाली. तरी रेडिओ चालूच.

हे ओसरीवर त्यांच्याशेजारी टेकले. "साडूभाऊ, काल म्हणे तुम्हाला जाग आली नाही. दूध पोराला घालावं लागलं."

दाजी चपापले. "व्हय. लागली जरा."

"हल्ली रोज लागते?"

"चार दिस झालं. लई बेस लागती." मग त्यांनी आत नजर टाकली.

"टोपी काढा की. किती उकडतंय."

दाजींनी टोपी घट्ट धरली, पण साडूपुढे काय चालणार. टोपी निघाली. आतली पट्टी तपकिरी तेलकट झाली होती, आणि कपाळावरही तसाच पट्टा.

"हळू बोला," दाजी कुजबुजले. "तिला कळंल. इतकी वर्सं तिचं औषिद घेतलं, गुण न्हाई आला. दुसऱ्याचं घेतलं आन् गुण आला, हे तिला कसं सांगू? जीव तुटंल तिचा."

"तूप-जायफळाचा लेप. सांगितला कोणी?"

दाजी लाजले. खरंच लाजले, सत्तरीचा माणूस. "बाळानं."

"काय?"

"विहीणबाई बोलत न्हाईत ना माझ्याशी. त्या बाळाला मांडीवर घेऊन म्हन्ल्या, बाळा, तुझ्या आबांना झोप न्हाई, आमच्याकडं तुपात जायफळ उगाळून कपाळाला लावतात, तुझ्या आबांना सांग. आन् कोनाड्यात वाटी आन् जायफळ ठिवून गेल्या. मी बाळाला म्हन्लं, सांग तुझ्या नानीला, लई उपकार झालं."

दारामागे बांगड्या वाजल्या. मी वळून बघितलं तर हर्षा तोंडावर हात ठेवून आईकडे बघत होती, आणि कंचनबाईंचा पदर नाकापर्यंत आला होता. या गुन्ह्याला साक्षीदार एकच होता, आणि तो हर्षाच्या खांद्यावर लाळ गाळत होता.

"आणि उगाळता कशावर, साडूभाऊ?"

"कशावर म्हंजी? सहाणंवर. ती धारा काढाया गोठ्यात गेली का. परवा जरा जादाच उगाळलं, पर पुसून ठिवतो की चांगली, धोतराच्या सोग्यानं. तिला कधी..."

ते थांबले. घरात पुरुषांना नुसतं 'गुटी बाधली' एवढंच सांगितलं होतं. जायफळाचं नाव दाजींपर्यंत पोचलंच नव्हतं. आता ते त्यांचं त्यांना पोचलं, आणि मला ते बघवेना.

"म्हंजी म्या?" दाजी म्हणाले. "माझ्या लेकराला म्या?"

"तुम्ही कपाळाला लेप लावला, साडूभाऊ. बाकीचं दगडाने केलं." यांनी दाजींची टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. "वहिनींनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुमची चोरी अक्कापुढे उघडी पडली असती. त्यांनी तुमच्यासाठी आळ अंगावर घेतला."

७

सुटलं असं मला वाटलं. पण कंचनबाई बाहेर आल्या, आणि या वेळी त्या बाळाशी नाही, सरळ अक्काशी बोलल्या. आवाजात राग नव्हता, पण भीती अजून होती.

"विहीणबाई, एक विचारते. एवढं जायफळ खळग्यात. त्याचा वास दारापर्यंत येतो. तुम्ही नाकाखाली धरून उगाळलंत. तुम्हाला कसं कळलं नाही?"

यांची नजर चुलीवरच्या त्या करपलेल्या पातेल्याकडे गेली आणि परत आली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना ते आल्या आल्याच कळलं होतं, पण ते सांगायचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं. या माणसावर माझा जीव आहे तो असल्याच गोष्टींसाठी.

अक्का उंबऱ्यावर बसली.

"मला वास येत न्हाई," ती म्हणाली. "करोना झाला तवापास्नं. कसलाच न्हाई. फुलाचा न्हाई, शेणाचा न्हाई. ओझरच्या गणपतीला नवस केला, तरी न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई मी. लोक वाटंवरनं पाला खुडून आणत्यात, म्हन्त्यात, साळुबाय, वास घेऊन सांग ही कशाची मुळी. मी डोळ्यानं वळखते आन् नाकाला लावल्याचं सोंग करते." तिने दाजींकडे बघितलं. "तुमी टोपीत लपवलं, मी नाकात. जोडा सोभतोय."

दाजी मान खाली घालून हसले आणि डोळे पुसू लागले.

मग ती कंचनबाईंना म्हणाली, "तुमचं खरं हाय. लेकरू माझ्या भरवशावर ठिवू नका. घेऊन जावा."

पीयूष गाडीपाशी चुळबुळत होता. दिवस मावळला की कंचनबाईंना अन्नपाणी वर्ज्य, त्यामुळे निघायचं तर आत्ताच. ऋषीने पिशव्या उचलल्या. हर्षाने नवऱ्याकडे बघितलं.

"गुटी तर डॉक्टरांनी बंदच केलीय," कंचनबाई सावकाश म्हणाल्या. "तुमचीही आणि माझीही. मग भरवसा कशाचा लागतो? मांडीचा. तो तुमच्याकडे आहे."

त्यांनी हर्षाच्या खांद्यावरून बाळाला घेतलं आणि अक्काच्या मांडीवर ठेवलं. अक्काचे हात पदराखालीच होते. बाळ घसरू लागलं तसे ते आपोआप बाहेर आले.

कंचनबाई तिच्याशेजारी उंबऱ्यावरच बसल्या. बाळाच्या गालाला बोट लावून म्हणाल्या, "बाळा, तुझ्या आजीला सांग, नानीला तहान लागलीय. म्हणावं, पाणी दे."

हर्षाला हुंदका फुटला. तो मी आवरायला सांगितला नाही. अक्काला आधी कळलंच नाही. तिने मागच्या खोलीतल्या कॅनकडे बोट केलं. कंचनबाईंनी मान हलवली आणि माठाकडे बघितलं. मग अक्का बाळासकट उठली. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हाताने तांब्या भरताना निम्मं पाणी जमिनीवर गेलं.

कंचनबाईंनी वरून घोट घेतला, थांबल्या, आणि पुन्हा घेतला.

"वाळा टाकलाय," म्हणाल्या.

"येतो व्हय वास?" अक्काने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. "मी रोज टाकते. येतो का न्हाई, ठावं नसतं."

"येतो. छान येतो."

"मग तुमी घेत जावा," अक्का म्हणाली, "आन् मला सांगत जावा."

पीयूषने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि कॅन परत न्यायला मागच्या खोलीत गेला.